फार जपून असणारा माणूस

बंदुकीचा बोल्ट मागे ओढायचा, आत डोळा घालून बघायचं, आणि मग करंगळी आत सरकवून काडतूस नाही ना हे चाचपायचं. एवढं झालं की काका बंदूक शेजारच्यापुढे धरून म्हणायचे, "आता तू बघ." शेजारची म्हणजे बहुतेक वेळा मीच असायची. "काका, आत्ताच बघितलंत की तुम्ही," असं म्हटलं की उत्तर ठरलेलं होतं. "रिकामी आहे असं समजायचं नाही, पुणेकर. बघायचं."

हा स्वभाव बंदुकीपुरता राहिला असता तर ठीक होतं. घरातून निघताना ते गॅसच्या चारही बटणांना हात लावून यायचे. गाडीला कुलूप लागल्याचा आवाज सगळ्या पार्किंगने ऐकलेला असायचा, तरी हे चारी दारं ओढून बघणार. काकूंनी शिट्ट्या मोजून उतरवलेल्या कुकरकडेही ते संशयानेच बघायचे. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. आपण त्याला हसतो आणि प्रवासाला निघताना किल्ल्या मात्र त्याच्याकडेच देऊन जातो.

कॅलिफोर्नियात, सनीव्हेलमधल्या आमच्या अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये ते दोघं तळमजल्यावर राहायचे आणि मी त्यांच्या बरोबर डोक्यावर. काका एका चिप कंपनीच्या टेस्ट लॅबमधून रिटायर झालेले. दोघंही मूळचे कणकवलीकडचे. मी पुण्याची, अंडंसुद्धा दाराबाहेर ठेवणाऱ्या घरातली, आणि रविवारी खालच्या पॅटिओतून डुकराच्या सुक्क्याचा वास थेट माझ्या खिडकीत. पहिल्यांदा तक्रार करायलाच खाली उतरले होते. काकूंनी दार उघडलं, मला आत घेतलं आणि आंबोळ्या वाढल्या. तक्रार राहून गेली ती राहूनच गेली.

मराठी मंडळाच्या गणपतीनंतरच्या पॉटलक जेवणाला काका सुक्क्याचं पातेलं वेगळ्या टेबलावर, वेगळ्या डावासकट ठेवायचे आणि शेजारी स्वतः उभे राहायचे. चुकून कुणी शाकाहाऱ्याने वाढून घेऊ नये म्हणून. प्रत्येकाला विचारायचे, "माहीत आहे ना हे काय आहे ते?" या चौकशीनेच निम्मे लोक पळायचे. उरलेले दोनदा वाढून घ्यायचे. काही आया मुलांना त्यांच्या घरी पाठवायच्या नाहीत. "बंदूक आहे ना त्यांच्याकडे," असं कुजबुजायच्या. काकांना त्याचा राग नव्हता. ते म्हणायचे, "बरोबर आहे त्यांचं. विचारायलाच हवं. मी त्यांना बंदुकीची तिजोरी दाखवीन, किल्ली कुठे असते ते नाही दाखवणार."

डुकरांविषयी थोडं सांगायला हवं, कारण इथे नव्याने आलेल्या माणसाला ते खरं वाटत नाही. होलिस्टरच्या पलीकडे डोंगर सुरू होतात, पिवळ्या गवताचे, मधूनमधून ओकची झाडं. तिथे रानडुकरं आहेत. पूर्वी कधीतरी बाहेरून आणलेली, मोकाट सुटलेली, आता पूर्ण रानटी झालेली. संध्याकाळी सपाट दिसलेलं कुरण सकाळी नांगरून ठेवल्यासारखं दिसतं. रे नावाच्या एका म्हाताऱ्या रँचरची तिथे जमीन होती. त्याची गुरं त्या खड्ड्यांत पाय मोडून घ्यायची. काकांना त्याने शिकारीची परवानगी दिली होती आणि काका ती दर वर्षी नव्याने मागायचे. रे म्हणायचा, अरे बाबा, तू येत जा ना नुसता. पण नाही. न विचारता दुसऱ्याच्या जमिनीवर पाऊल टाकायचं नाही म्हणजे नाही.

आधी कोर्स, मग परीक्षा, मग परवाना, मग डुकरांसाठीचा वेगळा परवाना, शिसं नसलेल्या गोळ्या, दिवस मावळला की बंदूक बंद. हे सगळं कायद्यात आहेच. काकांचे स्वतःचे नियम त्याच्यावर आणखी. एकट्याने जायचं नाही. लांबूनही माणूस आहे हे कळावं म्हणून भगवं जाकीट घातल्याशिवाय गाडीतून उतरायचं नाही, जरी इथला कायदा ते मागत नसला तरी. ओळख पटवायची ती हातातल्या दुर्बिणीने, बंदुकीवरच्या दुर्बिणीने नाही, कारण ती ज्याच्याकडे वळते त्याच्याकडे नळीही वळते. आणि जनावर पूर्ण दिसल्याशिवाय, त्याच्या मागे काय आहे ते दिसल्याशिवाय चापाला बोट लावायचं नाही.

"आमच्याकडे हाका घालायचे," ते सांगायचे. "तीस माणसं रानात आरडाओरडा करत सुटायची, आणि समोर चार बंदूकवाले. डुक्कर निघून जायचं आणि माणूस जखमी व्हायचा. वर सगळे म्हणायचे, नशीब त्याचं. नशीब कसलं? बघितलं नाही म्हणा की."

नागपूरचा एक तरुण इंजिनिअर त्यांच्या मागे लागला होता. व्हिडिओ बघून बघून तयार झालेला. "काका, यार, मला पण घेऊन चला ना, मस्त थ्रिल येईल." काकांनी त्याच्याकडून आधी कोर्स करवून घेतला, परवाना काढायला लावला. बऱ्याच महिन्यांनी त्याला घेऊन गेले. रेच्या फाटकाशी उतरल्याबरोबर त्याने बंदूक हातात घेऊन सेल्फी काढला, बोट चापावर. काकांनी शांतपणे बंदूक त्याच्या हातातून घेतली, करंगळी घालून बघितली, पिशवीत घातली आणि गाडी वळवली. दोन तास जायला, दोन तास यायला. येताना म्हणे त्यांनी त्याला वाटेत वडापाव पण खाऊ घातला. "पोरगा वाईट नाही, पण घाई आहे त्याला," एवढंच म्हणाले.

मी कशी गेले? कुतूहलाने. मला गोळी झाडायची नव्हती आणि आजवर एकही झाडलेली नाही. पण त्यांना सोबत लागायची आणि मला आठवडाभर स्क्रीन बघून झाल्यावर डोंगर लागायचे. मी दुर्बीण घेऊन बसायचे. तास तास बसायचं, कुजबुजायचंसुद्धा नाही. बहुतेक वेळा काहीच न करता परत. एका हंगामात काका एखादं डुक्कर मारायचे, फार तर दोन. गोळी लागून जनावर पडलं की ते बंदूक रिकामी करायचे आणि लगेच उठायचे नाहीत. गवतात बसून राहायचे. मग हातमोजे चढवून कामाला लागायचे. मांस विकायचं नाही, वाटायचं. पहिली तंगडी रेला.

आता काकूंविषयी. खरं तर हे त्यांच्याविषयीच आहे, मीच मघापासून टाळते आहे.

काकू आधी नावं विसरायला लागल्या. त्यात काही विशेष नव्हतं, मीही विसरते. मग एक दिवस माझ्या दारात उभ्या राहून हसत म्हणाल्या, "अगं, आमचं घर कुठलं ते सांगतेस का?" मी त्यांना हात धरून खाली नेलं. काका दारातच होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि काकूंचा हात आपल्या हातात घेतला. पुढे एकदा त्या कॅलट्रेनच्या स्टेशनवर सापडल्या. बाकावर नीट बसल्या होत्या, पर्स मांडीवर. कणकवलीला जायचं होतं त्यांना.

त्या दिवसापासून काकांनी त्यांना एकटं सोडलं नाही. मुलगा बॉस्टनला असतो. तो फोनवर सांगून थकला, "बाबा, बी रिझनेबल. तिच्यासाठी चांगलं मेमरी केअर होम बघू या. दे आर ट्रेन्ड फॉर धिस." काका स्पीकरवर ऐकत असायचे, मीही कधीकधी तिथे असायचे. ते म्हणायचे, "ती काय सामान आहे, नेऊन ठेवायला? माझ्या हातापायात जीव आहे तोवर ती माझ्याबरोबर." फोन ठेवला की काकूंच्या केसांना तेल लावायला बसायचे. आयुष्यात कुणाच्या केसांना हात न लावलेला माणूस, पण वेणी चांगली घालायला शिकला होता. घट्ट, सरळ, मध्ये एकही केस सुटा नाही. त्यातही तपासणी होतीच.

आणि मग डोंगरातही त्या आमच्याबरोबर यायला लागल्या. मुलाला हे कळलं तेव्हा त्याने कपाळाला हात लावला असणार. पण तिथे काही बिघडत नव्हतं. उलट काकू तिथे जास्त भानावर असायच्या. आम्ही कुरणाकडे गेलो की त्या रेच्या व्हरांड्यात बसायच्या. रेची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. तो अक्रोड फोडायचा, काकू मालवणीत बोलायच्या, तो इंग्रजीत उत्तर द्यायचा. एका कानाने बहिरा असल्याने त्याला फरक पडत नव्हता. परत येऊन बघावं तर दोघं हसत बसलेले असायचे. कशाला ते दोघांनाही सांगता यायचं नाही.

एकच भांडण असायचं, भगव्या जाकिटाचं. फाटकापाशी उतरलं की काका ते त्यांच्या अंगात घालायचे आणि काकू दर वेळी म्हणायच्या, "हा काय रंग? मी काय संन्यास घेतलाय?" काका म्हणायचे, "नवऱ्यासाठी घाल." "नवऱ्याला सांगा, स्वतः घाल." "अगं, मी घातलंय." मग त्या काकांकडे बघून खुदकन हसायच्या आणि हात पुढे करायच्या. मला तो संवाद पाठ झाला होता.

एका वर्षी, हिवाळ्यातल्या पावसाआधी, रेच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि तो मुलीकडे राहायला गेला. डुकरांना ते कुणी कळवलं कोण जाणे. कुरणाची पार दशा केली होती त्यांनी. रेने फोनवरून काकांना विनवलं, जमलं तर जाऊन ये. काका दोन आठवडे जाऊ की नको करत राहिले. व्हरांडा बंद, मग काकू कुठे बसणार? शेवटी मला म्हणाले, "गाडीत बसेल ती. पूर्वी बसलेली आहे. आपण टेकडीच्या पलीकडच्या अंगाला, गाडी आपल्या पाठीमागे. तासाभराचं काम."

मी म्हटलं, "चला." मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही, आजही वाटत नाही. माणूस किती बाजूंनी विचार करणार?

गाडी फाटकाच्या आत ओकखाली लावली. काकूंना जाकीट घातलं. थर्मास दिला, शाल दिली, काच अर्धी उघडी ठेवली. काकांनी किल्ली खिशात घातली, चारही दारं ओढून बघितली आणि खिडकीत वाकून म्हणाले, "बस गो हंयच. इलंय मी." इथेच बस, आलोच मी, असं. काकूंनी मान डोलावली. दार बाहेरून ओढून बघितलं की उघडलं जात नाही. आतून मात्र कुणीही उघडू शकतं. हे त्यांच्या ध्यानात नव्हतं असं नाही. काकू आजवर कधी उतरल्या नव्हत्या, म्हणून ते निघाले.

आम्ही टेकडीला वळसा घालून उतारावर बसलो. समोर घळ, घळीच्या पलीकडे सरळ उभा मातीचा कडा. गोळी चुकली तरी कड्यातच जाणार, म्हणून ती जागा. घळीत ओकची रांग आणि मधून मधून कंबरेइतकी झुडपं. ऊन अजून कड्यावर होतं. बसून थोडा वेळ झाला असेल, तर खालून एक काळी मादी आली, मागे आणखी दोन. ओकची फळं खायला यायची ती. काकांनी दुर्बिणीतून बघितलं, मला बघायला लावलं. मी मान हलवली. त्यांनी बंदूक उचलली, सेफ्टी काढली. बोट चापाच्या बाहेर, सरळ.

डुकरं एका मोठ्या झुडपामागे गेली. आम्ही थांबलो. मग झुडपाच्या दुसऱ्या कडेला एक तपकिरी पाठ हलली. वाकलेली, जमिनीलगत. थोडी पुढे सरकली, थांबली, पुन्हा सरकली. खाणारं डुक्कर हलतं तशीच. नळी त्या बाजूला वळलेली मला दिसत होती.

काका थांबलेच. मला मनात वाटलं, झालं यांचं सुरू. डोकं दिसेपर्यंत, पाय दिसेपर्यंत, मागचा डोंगर दिसेपर्यंत हे थांबणार, तोवर डुक्कर होलिस्टरला पोचणार. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. ते अगदी हळू पुटपुटले, "डोकं दिसू दे."

ती पाठ उभी राहिली आणि काकू झाल्या.

तपकिरी शाल पाठीवर, जाकीट अंगात नाही. शालीचं टोक त्यांनी पोटाशी ओच्यासारखं धरलं होतं आणि त्यात काहीतरी गोळा केलं होतं. आमच्याकडे पाठ होती त्यांची. पुन्हा वाकल्या.

काकांनी नळी आकाशाकडे केली. बोल्ट ओढला, काडतूस गवतात पडलं. त्यांनी करंगळी आत घातली आणि बाहेर काढली. मग पुन्हा घातली. मी त्यांना हाक मारली तरी ते तेच करत होते. शेवटी मी बंदूक त्यांच्या हातातून घेतली. त्यांनी ती कधी कुणाला अशी घेऊ दिली नसती.

ते उतार उतरून धावत गेले. त्या वयाचा माणूस तसा उतार धावत उतरत नाही. डुकरं केव्हाच पळाली होती. मी पोचले तेव्हा काका त्यांच्यासमोर उभे होते आणि काकू कौतुकाने ओचा उघडून दाखवत होत्या. त्यात ओकची फळं भरलेली होती.

"बघा किती पडलेत," काकू म्हणाल्या. "रतांबे असे पडून राहिलेत आणि कुणी उचललेच नाहीत. कोकमाची सोलं होतील वर्षभराची."

काका म्हणाले, "होतील गो." आणि खाली बसून त्यांच्याबरोबर उचलायला लागले. मीही बसले. दुसरं काय करणार होते? अंधार पडायच्या आत आम्ही त्यांचा ओचा भरून दिला. भगवं जाकीट गाडीजवळ घडी घालून ठेवलेलं सापडलं, पायपुसण्यासारखं दाराशी. तिथून त्या टेकडीच्या दुसऱ्या अंगाने घळीत उतरल्या असणार.

परतीच्या वाटेत काकू मागच्या सीटवर झोपल्या. काका गाडी चालवत होते. होलिस्टर मागे पडल्यावर म्हणाले, "तू काय बघितलंस?"

"पाठ."

"मीपण पाठच. डुकराची पाठ म्हणून बघितली. चाळीस वर्षं जिच्याबरोबर राहिलो तिची पाठ."

"काका, तुम्ही गोळी झाडली नाहीत. थांबलात तुम्ही. तुमचा नियम बरोबर चालला."

"नियम चालला," ते म्हणाले. "मी नाही चाललो. नियम म्हणतो, खात्री नसेल तर करायचं नाही. तिला गाडीत ठेवताना होती का खात्री? दारं ओढून बघितली मी. ती उतरणार नाही हे समजूनच चाललो. समजलो, बघितलं नाही."

पुढच्या आठवड्यात त्यांनी बंदूक परवानाधारक दुकानदाराकडे रीतसर देऊन टाकली. रेला फोन करून सांगितलं, आता येणं होणार नाही. का, ते सांगितलं नाही. आणि मुलाला फोन केला. मी तिथेच होते, कारण काकूंना जेवायला घालत होते. काका म्हणाले, "तू म्हणत होतास ती जागा बघ." मुलगा म्हणाला, "बाबा, आर यू शुअर?" काका म्हणाले, "नाही. म्हणूनच."

मला तेव्हा त्यांचा राग आला होता. एकदा चूक होता होता राहिली, म्हणून काय माणूस घराबाहेर काढायचा? मी तसं बोललेही. ते रागावले नाहीत. म्हणाले, "पुणेकर, अगं घरातसुद्धा गॅस आहे, जिना आहे, रस्ता आहे. मी झोपतो, मी अंघोळीला जातो. तेवढ्यात ती कुठेही असू शकते. तिला माझ्याजवळ ठेवायचं म्हणून मी तिला धोक्यात ठेवतोय. हे मला आवडतं म्हणून करायचं का?" आणि मग माझ्यासमोर हा माणूस रडला. तोंड न झाकता, लहान मुलासारखा. मी पाठीवर हात ठेवून उभी राहिले.

ती जागा चांगली होती. दाराला आकड्यांचं कुलूप, मागे छोटी बाग, तिथेही कुंपण. काकांनी पहिल्या दिवशी प्रत्येक खिडकी ओढून बघितली. तिथली नर्स हसली, मग तीही त्यांच्याबरोबर फिरून दाखवायला लागली. काकूंना तिथलं जेवण जाईना. काका रोज सकाळी उकड्या तांदळाची पेज करून, डब्यात भरून न्यायचे. सोबत कधी सुकटीची चटणी, कधी लोणच्याची फोड. स्वतः भरवायचे, वेणी घालायचे आणि संध्याकाळी एकटे घरी यायचे. पॅटिओत दिवा न लावता बसायचे. मी वरून हाक मारली तर "बसलोय गं," म्हणायचे.

काही महिने काकू त्यांना ओळखत होत्या, निदान घरचं माणूस म्हणून. मग एक दिवस त्यांनी मालवणी सोडून अगदी शुद्ध मराठीत, परक्याशी बोलावं तसं विचारलं, "आपण कुठून येता?" काका म्हणाले, "इथूनच, जवळून." "बरं झालं आलात," काकू म्हणाल्या. "आमचे मिस्टर नाहीत घरात. शिकारीला गेलेत."

हे मला काकांनीच सांगितलं. आमच्या जिन्याखाली उभं राहून, रिकामा डबा हातात घेऊन.

"मी म्हटलं, काळजी वाटत असेल तुम्हाला. शिकार म्हणजे काय सोपी गोष्ट आहे का?" काका सांगत होते. "तर म्हणते कशी, छे हो, ते फार जपून असतात. येतील संध्याकाळी."

एवढं सांगून ते हसले, आणि हसता हसता जिन्याच्या पायरीवर बसले. "सर्टिफिकेट मिळालं बघ," म्हणाले. मी शेजारी बसले. त्यांच्या डोळ्यांकडे बघवत नव्हतं.

त्यानंतरही ते रोज गेले. रोज नव्याने ओळख करून घ्यायचे. नवऱ्याच्या शिकारीच्या गोष्टी काकूंकडून ऐकायचे आणि त्यात चुकलेलं काहीही दुरुस्त करायचे नाहीत. काकूंच्या गोष्टीत नवऱ्याने एकदा वाघ मारला होता. काका विचारायचे, "वाघ? बाप रे. मग?" मी एकदा बरोबर गेले होते तेव्हा हे बघितलं. ते इतक्या लक्ष देऊन ऐकत होते की मलाच क्षणभर वाटलं, मारला असेल कदाचित.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. झोपेतच हृदय थांबलं. सकाळी खालून कुकरची शिट्टी ऐकू आली नाही म्हणून मी खाली गेले. दाराला दोन्ही कड्या आतून लावलेल्या, त्या तोडूनच दार उघडावं लागलं. आतल्या गॅसची चारही बटणं बंद होती, हे मी नंतर बघितलं. का बघितलं ते सांगता येणार नाही.

मुलगा आला, सगळं त्याने केलं. रे काठी टेकत आला होता. एका कोपऱ्यात टोपी हातात घेऊन उभा राहिला आणि तसाच निघून गेला. आईला सांगायचं का, हे मुलाने मला विचारलं. मी म्हटलं, आज सांगितलं तर उद्या पुन्हा सांगावं लागेल, आणि रोज त्या विधवा होतील. त्याने मान हलवली. आम्ही सांगितलं नाही.

आता शनिवार-रविवारी पेज मी नेते. मला ती त्यांच्यासारखी जमत नाही, कधी फार पातळ होते, कधी भात होतो. मागच्या रविवारी काकू खिडकीशी बसल्या होत्या. वेणी नर्सने घातली होती, सैल. मला बघून छान हसल्या.

मी विचारलं, "काकू, आज काय म्हणताय?"

"मिस्टर डोंगरात गेलेत," त्या म्हणाल्या. "येतील ते. त्यांची नाही मला काळजी." मग त्यांनी माझ्या हातातल्या डब्याकडे बघितलं. कपाळाला आठी पडली.

"तो एक माणूस यायचा गं," काकू म्हणाल्या. "रोज यायचा, पेज घेऊन. भरवायचा. बरा होता बिचारा, त्याचं कुणी नव्हतं वाटतं. तो का येत नाही हल्ली?"

मी डबा उघडला, चमचा पुसला. म्हटलं, "काकू, पेज निवतेय. खाऊन घ्या."